आपाची संख्यारेषा

आम्हा तिघा भावंडांना गणित शिकवले ते आपाने. नववीनंतर तिची शाळा सुटली. अब्बांच्या मशीनशेजारी बसून ती काजबटणे करी आणि आम्ही तिच्याभोवती पुस्तके पसरून बसत असू.

समीकरण आम्हाला कळे. दोन्ही बाजू सारख्या, उत्तर एक. असमानतेपाशी मात्र आम्ही अडलो. आपा म्हणाली, "अम्मीने 200 रुपये दिलेत. एसटीच्या पासाला 80 लागतात. वही 12 रुपयांची. वह्या किती येतील?" तिने लिहिले : 12क्ष + 80 ≤ 200. दोन्हीकडून 80 वजा केले, 12 ने भागले. क्ष ≤ 10. मग फरशीवर खडूने संख्यारेषा काढली. 10 वर भरीव ठिपका, बाण डावीकडे. "10 चालतात म्हणून ठिपका भरलेला. नुसते 'पेक्षा कमी' असते तर पोकळ ठेवला असता."

"पण उणे दोन वह्या कशा घेणार?" धाकट्याने विचारले.

आपा हसली. "वह्यांसाठी 0 ते 10 मधले पूर्णांकच घ्यायचे."

ऋण संख्येने गुणले वा भागले की चिन्ह उलटते, हे आम्ही नुसते पाठ केले होते. आपा म्हणाली, "2 पेक्षा 5 मोठे. पण 2 रुपये देणे असलेला बरा की 5 देणे असलेला?" म्हणून उणे 2 हे उणे 5 पेक्षा मोठे. म्हणूनच −2क्ष < 6 चे उत्तर क्ष > −3. उधारीचा हिशेब आमच्या घराला वेगळा शिकवावा लागत नव्हता.

पुढे कॉलेजात कळले, 'अलजेब्रा' हे नाव नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने लिहिलेल्या ग्रंथातल्या 'अल-जब्र' या शब्दावरून आले. त्याचा एक अर्थ, तुटलेले सांधणे. आम्ही मोठ्या कौतुकाने आपाला सांगितले. तिने सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "मग माझी नववी कोण सांधणार?"

आम्ही गप्प झालो. त्याच वर्षी तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने फरशीवर रेषा काढली. 35 वर भरीव ठिपका, बाण उजवीकडे. आम्ही म्हणालो, "100 वरही ठिपका दे."

गणितात तिला 48 मिळाले. आम्हा तिघांच्या फीसाठी आपाची शाळा सुटली होती, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यासमोर बोललो.