दोन वीटभट्ट्यांमधलं आकाश

सिंगापूरच्या सेरांगून रोडची सकाळ फुलांच्या वासानं उजाडते. टेक्का बाजारात भाजीच्या पाट्या उतरत असतात, बफेलो रोडवर मोगऱ्याचे हार ओवले जात असतात आणि वीरमाकालीअम्मनच्या देवळातली घंटा रहदारीतूनही ऐकू येते. इथल्या मराठी माणसाला कोथिंबिरीच्या जुडीबरोबर या लिटिल इंडियात थोडा धीरही मिळतो. सिंगापूरनं पहिली भरारी याच अंगणातून घेतली, याचं मला फार अप्रूप आहे. शेजारच्या रेसकोर्स रोडला ज्या मैदानामुळे नाव मिळालं, तिथूनच मार्च १९११मध्ये जोसेफ क्रिस्टियान्स या बेल्जियन वैमानिकानं या बेटावरचं पहिलं विमान उडवलं.

आज विमान म्हटलं की सगळ्यांना चांगी विमानतळ आठवतो. माझं मन धावतं ते उत्तरेच्या सेलेटारकडे. १९२८मध्ये ब्रिटिश हवाईदलानं उभारलेला हा तळ. एप्रिल २०१९मध्ये फायरफ्लाय या विमान कंपनीची पंख्यांची एटीआर विमानं इथून क्वालालंपूरजवळच्या सुबांगला जाऊ लागली. सुबांग हा १९९८पर्यंत मलेशियाचा मुख्य विमानतळ. पुढे तो मान दुसरीकडे गेला.

ही वाट सहज खुली झाली नाही. सेलेटारला उतरणारी विमानं जोहोरच्या पासिर गुडांगवरून येतात. उतरण्याच्या नव्या यंत्रणेमुळे तिथल्या इमारतींच्या उंचीवर बंधनं येतील, असा मलेशियाचा आक्षेप होता. अखेर सिंगापूरनं ती यंत्रणा मागे घेतली, मलेशियानं तिथल्या आकाशावरचे निर्बंध स्थगित केले. दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं, तेव्हा विमान पुढे गेलं.

त्या वाटेच्या दोन्ही टोकांना आपलीच माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात सेरांगून रोडवर सरकारी वीटभट्टी होती. तिथं राबणारे हिंदुस्थानी कैदी होते. या वसाहतीत मद्रास, बंगालबरोबर मुंबई इलाख्यातूनही कैदी पाठवले जात. क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्सला तर नावच वीटभट्ट्यांचं. १८८१च्या आगीनंतर ते शहर विटांनी उभं राहू लागलं. पुढे तिथं रेल्वेतले तमिळ कामगार वसले, आणि २०१०मध्ये तीही वस्ती अधिकृतपणे लिटिल इंडिया झाली. दोन शहरांच्या भिंतींना आपल्या माणसांच्या हातची माती लागली आहे.

सेलेटार ते सुबांग हे हवाई अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण मुंबई-कोल्हापूरएवढं. कोल्हापूरची धावपट्टी राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ची. अशा छोट्या विमानतळांचं मोल प्रवाशांच्या आकड्यांवरून ठरवू नये. बारशाला जाऊन संध्याकाळी घरी परतता येणं, आजारी मावशीला दुपारी भेटून येणं, यासाठी ते असतात. महानगरांचे विमानतळ जग जवळ आणतात. नाती जवळ ठेवायला गावाजवळची धावपट्टीच लागते. ती सेलेटारची असो की कोल्हापूरची, नफ्याच्या हिशेबात मागे पडली तरी राखली पाहिजे.