घराची यादी, सगळ्यांच्या नजरेसमोर

मराठी स्वयंपाकघरातली भिंत पूर्वीपासूनच हिशेब ठेवत आली आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेलं ‘कालनिर्णय’ घरोघरी खिळ्याला लागलं आणि तारखांच्या चौकटींत दुधाचे लिटर, कामवाल्या बाईंचे खाडे, सिलिंडर लावल्याचा दिवस अशा नोंदी होऊ लागल्या.

उरलेला पसारा मात्र बहुतेक घरांत एकाच बाईच्या डोक्यात असतो. तूरडाळ उद्यापुरतीच आहे, विरजणाला दही ठेवायचंय, चतुर्थीसाठी रात्रीच साबुदाणा भिजवायचाय. बाकीचे चपला घालताना विचारतात, ‘काही आणायचंय का?’ तेव्हा हातातली पोळी तव्यावर टाकता टाकता तिनेच आठवायचं.

स्वयंपाकघरातला फळा इथे खरा उपयोगी पडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरोच्या शाळेत भूगोल शिकवताना फळा वापरण्याचं श्रेय जेम्स पिलन्स यांना दिलं जातं. मुलांच्या हातात पाट्या होत्याच; पण पाटीवरचं ज्याचं त्यालाच दिसे. फळ्यावरचं सगळ्या वर्गाला एकदम दिसू लागलं. घरातल्या यादीलाही नेमकं हेच हवं असतं.

त्यासाठी लाकडी फळा आणायची गरज नाही. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत भिंतीचाच चौकोन गुळगुळीत करून काळा रंगवलेला असतो. घरीही तसंच करता येतं. बाजारात फळ्यासाठीचा खास रंग मिळतो. चकचकीत ऑइल पेंटवरून खडू घसरतो. फळ्याच्या रंगाचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असल्याने तो खडू झिजवतो आणि अक्षर उमटतं. भिंत घासून, प्रायमर लावून दोन हात द्यायचे. रंग साधारण तीन दिवस नीट वाळू द्यायचा. मग खडू आडवा धरून सगळीकडे फिरवायचा आणि पुसायचा. हे टाळलं, तर पहिलीच अक्षरं रंगाच्या बारीक छिद्रांत बसतात आणि पुसल्यावरही पुसट दिसत राहतात.

जागा गॅसपासून लांबची हवी. फोडणीच्या वाफेने तेलकट थर धरतो आणि त्यावर खडू चालत नाही. गॅसजवळच्या भिंतीपेक्षा कपाटाचं दार बरं. पुसायला डस्टरऐवजी ओलं फडकं घ्यावं, म्हणजे खडूची भुकटी ओट्यावर उडत नाही.

सर्वांत महत्त्वाची उंची. फळा फक्त मोठ्यांच्या नजरेच्या रेषेत रंगवला, तर तो पुन्हा एकीचाच होतो. तो लहान मुलाच्या हाताला लागेल इतका खाली यावा, आणि खडूही तिथेच असावा. दुसरी-तिसरीतलं मूल ‘शेंगदाणे संपले’ असं लिहितं, तेव्हा त्याने आधी डबा उघडून आत पाहिलेलं असतं. संध्याकाळी बाहेर पडणारा माणूसही फळा वाचून निघतो, आणि पोळ्या लाटणारीला मान वर करून काही सांगावं लागत नाही.