वळवाच्या विजेचा अभ्यास

आमच्या धर्मग्रामातील पदार्थविज्ञानाचे दोन विद्यार्थी, एक युवक व एक युवती, वादळांवरील परिसंवादासाठी पुण्यास जाणार असल्याचे आम्ही रविवारी मिस्सानंतर जाहीर केले. तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "फादर, वादळ देवाच्या हाती. ही पोरं तिथं जाऊन काय करणार?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कोल्हापूरकरांस वळीव नवा नाही. एप्रिल-मेमध्ये जमीन तापते, अरबी समुद्रावरचा दमट वारा घाट चढून येतो आणि दुपार कलताच ढग दहा-दहा किलोमीटर उंचावतात. त्यांच्या पोटात हिमकण व गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार साठतो. अशाच एका वळवात आंब्याखाली आसऱ्यास थांबलेला तरुण शेतकरी दगावला. सांत्वनास जमलेली मंडळी "देवाची इच्छा" म्हणत होती. त्याची पत्नी काहीच बोलत नव्हती. आम्हांला ते शब्द उच्चारवले नाहीत. झाडाखाली थांबू नये, हे जाणण्याची बुद्धीही देवानेच दिलेली ना?

ख्रिस्तसभेचा इतिहास या बाबतीत दुहेरी आहे. युरोपात वादळ आले की चर्चची घंटा वाजवीत. त्या नादाने वीज पांगते अशी समजूत. वीज मात्र नेमकी उंच मनोऱ्यावरच पडे. १७८४ साली म्युनिक येथे प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार ३३ वर्षांत १०३ घंटावादक असे प्राणास मुकले. बिचारे श्रद्धेनेच दोर ओढीत होते!

याउलट हवाना येथील येशूसंघीय फादर बेनितो विन्येस. १८७० पासून बेलेन विद्यालयाची वेधशाळा त्यांच्याकडे होती. अतिउंचावरील पिसासारख्या ढगांची गती पाहून ते वादळाचे केंद्र ताडीत. सप्टेंबर १८७५ मध्ये त्यांनी चक्रीवादळाची आगाऊ सूचना प्रसिद्ध केली. वादळ सरल्यावर ते नुकसान झालेल्या प्रदेशांत स्वतः हिंडून पाहणी करीत. १८९३ च्या ऑगस्टमध्ये शिकागो येथे भरणाऱ्या हवामान परिषदेसाठी त्यांनी प्रबंध लिहिला आणि जुलैतच ते देवाघरी गेले. परिषदेस जाणे त्यांच्या नशिबी नव्हते. प्रबंध मात्र खलाशांच्या उपयोगी पडला.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' अ‍ॅप काढले आहे. आमच्या युवतीने ते त्या वृद्ध गृहस्थांच्या मुलाच्या मोबाइलवर घालून दिले. त्यांची शेती माळावर आहे. पुण्याहून परतल्यावर चर्चच्या मनोऱ्यावरील वीजवाहक तार जमिनीपर्यंत शाबूत आहे का, हेही ती दोघे तपासून देणार आहेत.