अब्बांच्या गाडीचा हिशेब

आमच्या घरामागे टिनाच्या शेडखाली एक अॅम्बेसेडर उभी असते. मार्क टू, १९७४ चे मॉडेल. चंद्रपुरात आमच्या मोहल्ल्यात तिला कोणी अॅम्बेसेडर म्हणत नाही, ‘ड्रायव्हरसाहेबांची गाडी’ म्हणतात. अब्बांना अल्लाहच्या घरी जाऊन नऊ वर्षे झाली, गाडीचे नाव अजून तेच आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला पाठाचे टाचण कसे काढावे ते शिकलो, इंजिनाचे टॅपेट कसे लावावे ते नाही. तरी गेली सात वर्षे माझी रविवारची सकाळ या गाडीखाली जाते. या छंदाने मला बरेच शिकवले आणि माझ्याच हातून झालेली एक चूकही माझ्यापुढे आणून ठेवली. दोन्ही गोष्टी इथे सांगतो.

अब्बांनी ही गाडी १९८६ मध्ये सरकारी लिलावात घेतली. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला होता, पण लोकांची कामे चंद्रपूरशी बांधलेली होती. कोर्टाची तारीख, दवाखाना, लग्नाचा बस्ता. अब्बांची फेरी मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला जायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल. उन्हाळ्यात पारा ४५-४६ च्या पुढे. अशा उन्हात इंजिनाला चिकटलेल्या पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी रानात बंद पडायची. अब्बा घाबरत नसत. सीटखालून फडके काढायचे, सुराहीच्या पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळायचे, दहा मिनिटे थांबायचे. वाफेचे पुन्हा पेट्रोल व्हायचे आणि गाडी सुरू. एकदा अडलेल्या बाईला दवाखान्यात नेताना तीन वेळा फडके भिजवावे लागले होते. पुढे सुमो-जीप आल्या, भाड्याचा धंदा बसला, तेव्हा अब्बांनी गाडी खासगी नोंदणीत करून घेतली, पण विकली नाही.

अॅम्बेसेडर आपल्याला पूर्ण देशी वाटते, पण तिचे माहेर इंग्लंडचे. ऑक्सफर्डजवळ काउली इथे मॉरिस कंपनीचा कारखाना होता. तिथून १९५६ मध्ये ‘मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री’ ही गाडी निघाली. हिंदुस्थान मोटर्सने तीच गाडी कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात अॅम्बेसेडर नावाने बनवायला घेतली. इंग्लंडमध्ये ते मॉडेल १९५९ मध्ये संपले, आपल्याकडे मे २०१४ पर्यंत चालू राहिले. आमच्या गाडीचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश ‘बी सीरिज’चे. त्याच घराण्याचे, त्याच मापाचे इंजिन त्या काळच्या एमजीए या दोन सीटांच्या स्पोर्ट्स गाडीत होते. हे मी मुलाला सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा शेडमध्ये आला.

२०१६ मध्ये अब्बा गेले. मागे अम्मी, मोठी आपा आणि मी. घराची आणि बँकेतल्या रकमेची वाटणी शरीअतप्रमाणे झाली, कागद झाले. गाडीचा विषय कोणी काढला नाही. टायर बसलेले, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, मागच्या फ्लोअरला हात घालता येईल एवढे भोक. भंगारवाला २४ हजार देतो म्हणाला. मी नाही म्हटले. २०१८ मध्ये गाडी माझ्या नावावर करायची ठरवली. त्यासाठी इतर वारसांचे ‘हरकत नाही’ असे प्रतिज्ञापत्र लागते. आपा मूलहून आली, सही केली, चहा घेऊन गेली. त्या सहीचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

मग काम सुरू झाले. मोहल्ल्यातच एक उस्ताद होते. वय सत्तरीचे, नजर अधू, पण कान शाबूत. लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठला टॅपेट वाजतो ते सांगायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली, “पहले ब्रेक, बाद में इंजन.” जी गाडी थांबू शकत नाही ती सुरू करून काय उपयोग? चारही चाकांचे ड्रम उघडले. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेते. त्या ओलीने व्हील सिलिंडर आतून गंजून धरले होते. ते साफ करून, रबरी किट बदलून, नवे ऑइल घालून हवा काढण्यात दोन महिने रविवार गेले.

इंजिन जॅम होते. जोर लावायचा नाही, उस्ताद म्हणाले. चारही प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून सोडले आणि आठवडाभर वाट पाहिली. पुढच्या रविवारी बंपरमधून हँडल घालून अलगद दाबले. हलले नाही. आणखी एक आठवडा. तिसऱ्या रविवारी ते चार बोटे फिरले आणि उस्तादांच्या तोंडून “अल्हम्दुलिल्लाह” निघाले.

माझी सगळ्यात मोठी फजिती पान्यावरून झाली. या गाडीचे नटबोल्ट इंची मापाचे. आपल्याकडे मिस्त्री इंचाचा आठवा भाग म्हणजे एक ‘सूत’ मोजतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. माझ्याकडे घरच्या पेटीतला तेराचा पाना होता. जवळपास बसला, म्हणून मी ताकद लावली. नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला आणि शेवटी छिन्नीने कापून काढावा लागला. उस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, “जवळपास बसणारा पाना न बसणाऱ्यापेक्षा वाईट. न बसणारा निदान नट तरी खराब करत नाही.”

पत्र्याचे काम सर्वांत खर्चिक. सडलेल्या जागी नुसती लांबी भरून रंग मारला की गाडी वर्षभर छान दिसते, मग आतला गंज बाहेर येतो. आम्ही सडलेला पत्रा कापून नवा वेल्डिंगने जोडला, आतून गंजरोधक रंग दिला. नशीब असे की २०२२ च्या जुलैत इरईचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरले तेव्हा गाडी घोड्यांवर उचललेली होती. आमच्या शेडमध्ये घोट्याएवढे पाणी आले आणि गेले.

सुटे भाग मिळतात, पण शोधावे लागतात. कोलकात्याचा मल्लिक बाजार, दिल्लीचे कश्मीरी गेट, मुंबईचा चोर बाजार. इंजिनाच्या या घराण्याच्या गाड्या ब्रिटनमध्ये आजही लोक हौसेने सांभाळतात, त्यामुळे काही भाग तिकडे नव्याने बनतात. पण ती वाट शिक्षकाच्या पगाराला परवडणारी नाही. मी कर्ज काढायचे नाही आणि घरखर्चाला हात लावायचा नाही असे बायकोला वचन दिले होते. म्हणूनच काम सहा वर्षे चालले.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिले नाही. जुन्या काळी त्यात शिसे असायचे, ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचे. २००० साली शिसे बंद झाले. ते हवेसाठी आणि मुलांच्या आरोग्यासाठी चांगलेच झाले. पण तेव्हापासून जुन्या इंजिनाचे टॅपेट वरचेवर तपासावे लागतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले आहे. ते जुन्या रबराला फुगवते, मऊ करते. ज्यांच्या घरी जुनी गाडी किंवा स्कूटर आहे त्यांनी पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घालून घ्यावा. गळती होऊन आग लागण्यापेक्षा हा खर्च थोडा आहे.

गाडीला ५० वर्षे झाली तेव्हा कोणी सुचवले की तिला ‘व्हिंटेज’ नंबर घे. २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला तसा नंबर मिळतो, नोंदणीचे २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे. पण मग ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या कामाला वापरता येत नाही. आम्हाला तर अम्मीला दवाखान्यात न्यायचे असते. म्हणून मी दर पाच वर्षांनी तपासणी करून नेहमीची नोंदणीच चालू ठेवायचे ठरवले.

आता त्या चुकीकडे येतो. गेल्या वर्षी उस्तादांची नजर पारच गेली. डेल्कोच्या पॉइंटमधले अंतर किती ठेवायचे ते मला नीट आठवेना. अब्बांची एक वही होती. उर्दूत, घाईच्या अक्षरात. ऑइल कधी बदलले, पाटे कधी खोलले, कुठल्या फेरीत काय बिघडले, सगळे त्यात. मी ती काढली. पॉइंटचे माप सापडले, १५ थाऊ. त्याच पानावर खाली १९९४ ची नोंद होती. इंजिन बोअर केले, पिस्टन-रिंगा नव्या. खर्चाखाली तीन जणांची नावे आणि उसनी रक्कम. दोन नावांवर रेघ आणि शेजारी ‘बेबाक’. म्हणजे फेडले, काही बाकी नाही. तिसऱ्या ओळीत लिहिले होते, “बेटी, ३,०००, सिलाई के.” तिच्यावर रेघ नव्हती.

मी तिथेच स्टुलावर बसलो. आपा तेव्हा लोकांचे कपडे शिवायची. रात्री अब्बा गाडीखाली असत तेव्हा कंदील तीच धरायची, ग्रीसची पिचकारी तीच मारायची. मी पुस्तक घेऊन ओट्यावर असायचो. जी गाडी मी एकट्याने वाचवली असे सर्वांना सांगत होतो, तिचे इंजिन एकदा तिच्या शिलाईच्या पैशांनी उभे राहिले होते. आणि मयताचे कर्ज आधी, वाटणी नंतर, हा क्रम सूरह निसामध्ये किती स्पष्ट आहे, हे मी काही पहिल्यांदा वाचत नव्हतो. कर्ज तर राहिलेच, पण गाडीही वाटणीत धरली गेली नव्हती. भंगार म्हणून मी ती बाजूला ठेवली आणि भंगार म्हणून नाकारलेही नाही.

हिशेब मांडला. नागपूरच्या एका गृहस्थाने गाडी पाहून अडीच लाख देऊ केले होते. पावत्यांप्रमाणे माझा खर्च १ लाख २७ हजार. माझ्या मेहनतीचे काही धरले नाही. उरले १ लाख २३ हजार. त्यातून आपाचे ३,००० कर्ज वजा. राहिले १ लाख २० हजार. चोवीस हिस्से केले की एक हिस्सा पाच हजारांचा. अम्मीचे तीन, माझे चौदा, आपाचे सात. म्हणजे आपाचे ३५ हजार आणि कर्जाचे तीन.

३८ हजार रुपये आणि वही घेऊन मी त्याच गाडीने मूलला गेलो. आपाने वही डोळ्यांजवळ नेऊन ती ओळ वाचली.

“मला माहीत होते,” ती म्हणाली. “वाटायचे, हा उर्दू शिकवतो, कधी ना कधी वाचेलच.”

“मग सही का केलीस?”

“गाडी तुझ्या नावावर व्हायला माझी हरकत नव्हती, म्हणून केली. हिस्सा सोडते असे त्यात लिहिले होते का?”

लिहिलेले नव्हते. हिशेबाचा कागद तिने ओळीओळीने तपासला, खर्चाच्या पावत्या मागितल्या, “बरोबर आहे” म्हणाली. पैसे मोजले आणि कपाटात ठेवले. भाचीची नर्सिंगची फी भरायची होती.

खरे सांगतो, ती “राहू दे रे, भावाकडून काय घ्यायचे” म्हणेल, असे मला आत कुठेतरी वाटत होते. तसे म्हणाली असती तर मी पैसे खिशात घालून हलक्या मनाने परतलो असतो आणि मोहल्ल्यात तिच्या मोठेपणाची तारीफ केली असती. आपल्या घराघरांत बहिणींचे हिस्से असेच जातात. कोणी हिसकावत नाही. त्या मागणार नाहीत, दिले तर घेणार नाहीत, असे आपण आधीच धरून चालतो. तेराचा पाना चार सुताच्या नटावर बसतो तसे. त्याने नट फिरतो खरा, पण हळूहळू त्याचे कोपरे झिजतात.

अम्मीने आपले १५ हजार माझ्याकडेच अमानत ठेवले आहेत, वहीत लिहून घेऊन.

निघताना मी वही आपापुढे धरली. तिने पेन घेतले, अब्बांच्या ओळीवर रेघ मारली, शेजारी ‘बेबाक’ लिहिले आणि तारीख घातली. मग बाहेर येऊन बोनट उघडायला सांगितले. पंपाला हात लावून पाहिला.

“तापलाय,” ती म्हणाली. “फडके आहे का गाडीत?”

नव्हते. तिने घरातून एक जुने सुती फडके आणून दिले. ते आता सीटखाली असते.