कामावर कधी जाऊ, डॉक्टर?

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर माझा पहिला प्रश्न होता, ‘डॉक्टर, लॅपटॉप कधी उघडू?’ आईने कपाळावर हात मारला. पण फ्रीलान्सरला कसली आलीय सिक लीव्ह? लेख नाही, तर चेक नाही!

कमरेतली सरकलेली गादी पायाची नस दाबत होती, तो तुकडा काढला. याला मायक्रोडिसेक्टॉमी म्हणतात. भेटायला येणाऱ्यांचा सल्ला एकच, ‘तीन महिने पलंग सोडू नकोस.’ डॉक्टरांनी मात्र दुसऱ्याच दिवशी वॉर्डात चालवलं आणि मलाच विचारलं, ‘काम नेमकं काय करता?’

सगळी गोम याच प्रश्नात आहे. अशा ऑपरेशननंतर टेबलावरचं काम साधारण दोन ते चार आठवड्यांत सुरू होतं. वजन उचलणाऱ्यांना सहा ते बारा आठवडे लागतात. मणके स्क्रूने जोडले असतील, तर हिशेब महिन्यांचा. सर्जन-सर्जनांतही फरक असतोच. अमेरिकेतल्या युजीन कॅरागींनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५२ पेशंटना कसलीच बंधनं घातली नव्हती. ते सरासरी सव्वा आठवड्यात कामावर परतले! मला तीन आठवडे मिळाले. अटी? अर्ध्या तासाने उठायचं, वाकून काही उचलायचं नाही आणि सोलापूरच्या खड्ड्यांतून स्कूटी तर अजिबात नाही.

शेजारच्या कॉटवरच्या अक्कांचंही हेच ऑपरेशन. त्या घरी विड्या वळतात. जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन. मजुरी हजार विड्यांमागे.

‘सहा आठवडे खाली बसायचं नाही. खुर्ची वापरा,’ डॉक्टर म्हणाले.

‘घरात खुर्ची एकच हाय की ओ. तिच्यावर टीव्ही बसलाय.’

आम्ही सगळेच हसलो. मग डॉक्टर थांबले आणि त्यांनी नव्याने हिशेब मांडला. टीव्ही खाली, अक्का खुर्चीत, सूप स्टुलावर. चौथ्या आठवड्यापासून निम्म्याच विड्या. आणि दोन कट्टे बांधून झाले की दारापर्यंत एक चक्कर.

हे अक्कांना पटलं. सहा आठवडे त्यांना परवडणारे नव्हते. कट्टे मात्र त्या रोजच मोजत होत्या.

तेव्हा दोस्तांनो, सर्जनना ‘कधी’ विचारण्याआधी आपण दिवसभर कसे बसतो, काय उचलतो, कशावरून जातो, ते सगळं सांगा. घरात खुर्च्या किती, हेसुद्धा!

चला, दोन परिच्छेद जास्तच झाले. उठते.