पाच वर्षांची पाहुणी

मुलांनो, वसई रोड स्टेशनवरून पूर्वेला हायवेच्या दिशेने निघालात, की गोखिवरे लागतं. इथून तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. आमच्या शेजारच्या आजी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तो डोंगर पाहत. सध्या त्यांच्या दाराला कुलूप आहे. आजी कॅनडाला लेकाकडे गेल्यात!

तुम्ही म्हणाल, लेकाच्या घरी जायला परवानगी कशाला? पण कॅनडाला जायचं तर व्हिसा हवाच. कॅनडाने २०११ साली आईवडील आणि आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. तिथे कायमचं राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने बोलावणं धाडायचं. १८ वर्षं पूर्ण झालेली नातवंडंसुद्धा बोलावू शकतात बरं का! वैद्यकीय तपासणी आणि आरोग्यविमा मात्र लागतो. २०२२पासून एका खेपेला सलग ५ वर्षं राहता येतं.

तरी कायद्याने आजी तिथे पाहुण्याच. नोकरी करता येत नाही, की कायमचं राहता येत नाही. लेकाच्याच घरी आई पाहुणी! गंमत वाटते ना? मला थोडं वाईटही वाटतं.

निघताना आजींनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “बाई, तेवढं तुळशीला पाणी घाला हं.” शाळेतून आले, की आधी मी तेच करते.

तुमच्या शेजारीही असं कुलूप आहे का? मग त्या आजींना एक पत्र लिहा. अंगणातली तुळस कशी आहे, तेही कळवा.