गादीखालचे धारप

नारायण धारपांच्या जन्माला २७ ऑगस्ट २०२५ला शंभर वर्षं पूर्ण झाली. नेमकी त्याच दिवशी गणेश चतुर्थी. भुताखेतांसाठी गणपती सोडून कोण येणार, म्हणून आमच्या कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्यानं कार्यक्रम आदल्या रविवारी उरकला. कार्यक्रम म्हणजे वीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, आणि एकेकानं उठून आपली झोप कुठल्या पुस्तकानं उडवली ते सांगायचं.

एका काकांना ‘४४० चंदनवाडी’नंतर आठवडाभर रात्री मोरीत जायची सोबत लागायची. सगळ्यांचं पुस्तक मात्र वाचनालयाचं. पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर शाईनं क्रमांक. धारप विकत घ्यायचे नसतात, बदलून आणायचे असतात, हे आमच्याही घरात ठरलेलं होतं. कपाटात पुलं आणि जी.ए., धारप गादीखाली. मी वाचलेल्या ‘लुचाई’ची शेवटची चार पानं फाटलेली होती. शेवट मीच रचला, आणि तो फार वाईट होता.

एम.ए.च्या तोंडी परीक्षेत आवडता लेखक विचारला तेव्हा मी जी.एं.चं नाव सांगितलं. तोवर जी.एं.च्या चार कथा वाचल्या होत्या आणि धारपांच्या तीसेक कादंबऱ्या. पुढे वीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. वर्गात धारपांचं नाव एकदाही काढलं नाही.

मागे ‘तुंबाड’ पाहून धारपांकडे वळलेली पोरं उभी होती. त्या सिनेमाचं बीज धारपांच्या कथेतलं. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, ‘‘मॅडम, ‘लुचाई’ म्हणजे स्टीफन किंगचं ‘सेलम्स लॉट’च ना? मग आपण कौतुक कोणाचं करतोय?’’

माझाच जुना विद्यार्थी. काका त्याच्याकडे रागानं बघायला लागले.

प्रश्न बरोबर होता. किंगची कादंबरी १९७५ची. मला हे कळलं तेव्हा माझं बालपण कुणीतरी परस्पर विकल्यासारखं वाटलं होतं. मी म्हटलं, किंगनंही १८९७चा ‘ड्रॅक्युला’ उचलून अमेरिकेतल्या गावात नेला. पण हे वकिली उत्तर होतं, कारण किंग ते उघड सांगतो. उसनवारी पहिल्या पानावर ठसठशीत छापलेली हवी, याबद्दल माझं दुमत नाही. तरी बाराव्या वर्षी क्रूस बघून पळणाऱ्या पिशाच्चाला मी घाबरले नसते. क्रूस मी पाहिलाच नव्हता. मी घाबरले, कारण धारपांची माणसं आमच्यासारखं बोलायची, आमच्यासारख्याच नोकऱ्या करायची, आणि एखादं घर का रिकामं आहे हे विचारायचं राहून जायचं. नुसत्या भाषांतरानं हे जमत नाही. त्यांचा ‘समर्थ’ आला की आजी देव्हाऱ्यासमोर बसल्यावर वाटायचं तसं हायसं वाटायचं.

‘‘हे वर्गात का नाही सांगितलंत?’’ त्यानं विचारलं.

अभ्यासक्रमात नव्हतं, असं काहीतरी मी पुटपुटले. ते पूर्ण खरं नव्हतं, आणि त्याला ते कळलं असावं. त्यानं माझ्या हातात चहा दिला.

निघताना ‘लुचाई’ घेतली. धारपांचं मी विकत घेतलेलं हे पहिलं पुस्तक. शेवटची पानं आहेत ना, ते गल्ल्यापाशीच उघडून पाहिलं.